वासाचे आप्पा

बंद पडलेलं कुठलंही यंत्र समोर ठेवलं की आप्पा आधी त्याचा वास घेत. पंपाची मोटार असो, मिक्सर असो, नाहीतर कुणाच्या लग्नात आलेला टेबलफॅन. आप्पा उकिडवे बसत, डोळे मिटत आणि यंत्राच्या पोटाला नाक लावून तीनदा हुंगत. मग तोंड वाकडं करून मालकाकडे बघत. ते वाकडं तोंड यंत्रासाठी नसे, मालकासाठी असे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं मोटारी भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं दुकान होतं. तिथं जाऊन अपमान न होता परत आलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. सगळे त्यांना वासाचे आप्पा म्हणत. आडनाव कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मोटारीला आडनाव लागतंय व्हय, असं म्हणाले असते.

खरं सांगायचं तर मला या माणसाचा तिटकारा होता. मी फिजिक्सचा प्राध्यापक. विजेवरचं प्रकरण दरवर्षी दोन तुकड्यांना शिकवणारा, इस्त्रीची पँट घालणारा. आणि हा सातवी नापास माणूस ग्रीसचे डाग पडलेल्या पायजम्यात बसून मला ‘मास्तर’ म्हणायचा. प्राध्यापकाला मास्तर म्हटलं की कुठं आणि किती लागतं, ते दुसऱ्या प्राध्यापकालाच कळतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली मोटार घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ती का जळली असावी याचं दहा मिनिटं विवेचन केलं. आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं की आत फ्यूज होता का. फ्यूजच्या जागी आमच्या शिपायानं जाड तार घातली होती. तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाताना विवेचन घरी ठेवून जाऊ लागलो.

माणसाचं ऐकू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. जळलेली मोटार घेऊन येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट सांगे, की चालता चालता आपोआप जळली. आप्पांचं उत्तरही ठरलेलं असे. “आपोआप केस पिकत्यात, पावणं. मोटार आपोआप जळत न्हाय.” मग ते मोटार उघडून, कुठली तार काळी पडली आहे ते बोटानं दाखवत आणि त्यावरून आदल्या दिवशी त्या माणसाच्या शेतात काय घडलं ते सांगत. विहिरीचं पाणी आटलं होतं आणि तुम्ही गप्पा मारत बसला होता, किंवा एक फेज गेला होता आणि तुम्ही तशीच रेटलीत, असं काहीतरी. बहुतेक वेळा ते खरं असे, आणि खरं असल्यामुळे ते फार बोचे.

त्याहून भयंकर त्यांचा एक नियम होता. दुरुस्त झालेलं यंत्र पहिल्यांदा चालू करायचं ते ज्यानं जाळलं त्यानं, सगळ्यांच्या देखत. आप्पा स्वतः कधी बटण दाबत नसत. गारगोटीकडच्या एका बड्या बागायतदारानं मोटार न्यायला आपला गडी पाठवला, तर आप्पांनी त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत धाडलं. चौथ्या दिवशी बागायतदार स्वतः एसटीनं आला. त्यानं बटण दाबलं तेव्हा आजूबाजूचे टर्नर-फिटर हातातलं काम थांबवून दारात उभे होते. कुणी हसलं नाही, पण तो मनुष्य मोटार गाडीत घालेपर्यंत मान वर करू शकला नाही. जाळणाऱ्यानं आपल्या हातानं लावली की पुढं तो जपतो, एवढंच आप्पांचं त्यावर म्हणणं. मला तो निव्वळ माज वाटे.

ऐंशीचं दशक संपता संपता आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला. एकच आला. त्याच्यासाठी एक खोली रिकामी करून एसी बसवला, पिस्ता रंगाच्या मखमलीचं झाकण शिवून घेतलं आणि दारात चपला काढायचा फलक लावला. आमचे प्राचार्य, ज्यांनी ग्रंथालयात कधी चपला काढल्या नव्हत्या, ते तिथं अनवाणी जाऊ लागले. खंडेनवमीला त्याची पूजा झाली, झेंडूची माळ घातली गेली, आणि वर्षभर वर्गात विज्ञाननिष्ठा शिकवणारे आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. मी पुण्याला दहा दिवसांचा अभ्यासक्रम करून आलो होतो, म्हणून खोलीचा प्रमुख मी. त्या दहा दिवसांतले चार मी पावसामुळे बुडवले होते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

कॉम्प्युटर खऱ्या अर्थानं चालवत असे ती शैला. ती नेसरीची, मावशीकडे राहून शिकलेली, कमी बोलणारी. मला जे पुस्तकात बघून येत नसे ते तिला न बघता येई, आणि ती हे कधी दाखवत नसे, त्यामुळे मला जास्तच राग येई. तिची नेमणूक तात्पुरती होती. दिवाळीनंतर कायम करायचं ठरलं होतं आणि तशी फाईल प्राचार्यांच्या टेबलावर जाऊन पडली होती. गावात कॉम्प्युटर असलेल्या जागा तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या चालवणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. एका ठिकाणाहून ‘निष्काळजी’ म्हणून काढलेल्या मुलीला दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसतं.

दसरा झाला आणि संध्याकाळी व्होल्टेज पडायला लागलं. ऊसवाल्यांचे पंप एकदम सुरू होत आणि शहरातल्या ट्यूबलाइट नुसत्या थरथरत. त्यातच आमचा स्टॅबिलायझर बिघडला, तो मी आप्पांकडे टाकला. त्यांनी वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि बजावलं, “ह्यो परत जाईस्तवर तुमच्या त्या मशीनला हात लावू नगा, मास्तर.” मी हो म्हणालो. पण रिवायंडिंगवाल्यानं मला कॉम्प्युटरबद्दल सूचना द्यावी, हे माझ्या मनाला काही रुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्राचार्यांना परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या यादीचं पहिलं पान बघायला हवं होतं. शैला घरी गेली होती. तिच्यावाचून आपण छापून देऊ, अशी मला खुमखुमी आली. भिंतीवरच्या व्होल्टेजच्या मीटरचा काटा दीडशेवर लोळत होता. कॉम्प्युटर चालू होई, पडद्यावर दोन ओळी उमटत आणि तो पुन्हा बंद पडे. वायर घट्ट बसली आहे का बघायला मी मागे वाकलो, तर पंख्याच्या जाळीशेजारी एक छोटा लाल खटका दिसला. एका बाजूला २३० आणि दुसऱ्या बाजूला ११५ असं लिहिलेलं. आमच्या घरी टीव्हीला हातानं फिरवायचा स्टॅबिलायझर होता. चित्र आक्रसलं की त्याचा कान एक घर पिळायचा, हा कोल्हापुरातल्या घरोघरचा संध्याकाळचा रिवाज. हाही तसलाच कान असणार, असं मला वाटलं. मी पेनाच्या टोकानं खटका ११५ वर सरकवला. कॉम्प्युटर झकास चालू झाला. मी पान छापलं, प्राचार्यांच्या हातात दिलं, त्यांची शाबासकी घेतली आणि शीळ घालत घरी गेलो. खटका होता तिथंच राहिला.

सकाळी व्होल्टेज पुन्हा भरपूर झालेलं होतं. शैला नेहमीप्रमाणे आली, तिनं बटण दाबलं आणि सुतळी बॉम्बसारखा आवाज होऊन मागच्या जाळीतून धूर निघाला. मी धावत गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. माझ्या लक्षात सगळं त्याच क्षणी आलं. पुढं मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. वायर बघण्याचं निमित्त करून मी मागे वाकलो आणि अंगठ्यानं तो खटका पुन्हा २३० वर सरकवला. मग सरळ उभा राहून तिला विचारलं, “काय केलंत हो तुम्ही?”

प्राचार्यांना दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. स्टॅबिलायझर नसताना चालू केला म्हणजे बाईंचाच निष्काळजीपणा, असा निवाडा त्यांनी उभ्या उभ्या दिला. आदल्या संध्याकाळी मीही तो तसाच चालवला होता, पण माझ्या वेळेला तो जळला नव्हता, म्हणून ते हुशारीत जमा झालं. शैलाला लेखी खुलासा मागितला आणि कायम करायची फाईल थांबली. मी तिथंच उभा होतो आणि खिडकीबाहेर बघत होतो. फिजिक्सच्या प्राध्यापकानं ही चूक केली हे स्टाफरूमला कळलं तर जन्मभर पुरेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. एका मुलीचं आयुष्य एका पारड्यात आणि माझी फजिती दुसऱ्या पारड्यात, आणि मला दुसरं जड वाटलं.

पुण्याच्या कंपनीला ट्रंककॉल लावला, तर त्यांचा माणूस तीन आठवड्यांनी येणार होता. यादी विद्यापीठात आठ दिवसांत जायची होती, आणि ती सगळी त्या पेटीत अडकलेली. प्राचार्यांच्या शेतावरची मोटार आप्पांकडे जात असे. नाइलाजानं त्यांनी आप्पांना बोलावणं धाडलं.

आप्पा आले, दारातला फलक वाचला आणि म्हणाले की आत कोण झोपलंय. चपला मात्र काढल्या. कॉम्प्युटर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असावा, पण चेहऱ्यावर आदर म्हणून उमटला नाही. ते उकिडवे बसले, डोळे मिटले आणि जाळीला नाक लावून तीनदा हुंगलं. मग पिशवीतून दोन वायरी जोडलेला साधा बल्ब काढला आणि भिंतीतल्या सॉकेटला लावून बघितला. बल्ब पेटला, म्हणजे भिंतीपर्यंत वीज ठीक होती. वायर काढून तिच्या दुसऱ्या टोकाला बल्ब लावला. तिथंही पेटला, म्हणजे वायर ठीक होती. आमच्यातल्या कुणालाही दोन दिवसांत एवढंही सुचलं नव्हतं. आम्ही पुण्याला फोन लावत होतो.

मग त्यांनी पत्र्याचं कवच काढलं आणि आतली वीजपुरवठ्याची पेटी सोडवून टेबलावर उघडली. फ्यूजची काच आतून काळी ठिक्कर पडली होती. फ्यूज नुसता वितळला तर काच स्वच्छ राहते आणि आत मोठा दणका बसला तरच काळी होते, हे त्यांनी प्राचार्यांना दाखवून सांगितलं. शेजारी अंगठ्याएवढे दोन कंडेन्सर होते, ते डोक्यावर फुटले होते. बाकीच्या सर्किटच्या पाट्यांचा त्यांनी एकेक करून वास घेतला आणि त्यांना काही झालेलं नाही, असं सांगून टाकलं. मग पेटी फिरवली. लाल खटका दिसला आणि त्यांचं नाक तिथंच थांबलं. त्यांनी आधी २३० आकड्याकडे बघितलं, मग फुटलेल्या कंडेन्सरकडे, आणि मग शैलाला विचारलं की हा खटका कशाचा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का. ती म्हणाली, मशीनची पाठ भिंतीकडे असते, तिथं खटका आहे हेच मी आज बघतेय. आप्पांनी मान हलवली, आणि कुणालाही काही न सांगता पेटी उचलून माझ्या हातात दिली. म्हणाले, दुकानापर्यंत धरायला माणूस पाहिजे, चला.

दुकानात त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि हातात दिवा दिला. एका मोडीत निघालेल्या परदेशी टीव्हीतून तसेच दोन कंडेन्सर काढून ते जोडू लागले. मग मान खाली ठेवूनच म्हणाले, “दुबईवरनं टेपरेकॉर्डर येत्यात, मास्तर. त्यास्नी पाठीमागं असाच खटका असतोय. एकशेपंधरावर ठिवून दोनशेतीस दिलं की हे असंच फुटतंय. धा-बारा तरी नीट केल्यात मी. जळताना खटका तिकडं हुता. आता इकडं हाय. पाय फुटलं व्हय त्याला?”

मी व्होल्टेज किती कमी होतं ते सांगायला सुरुवात केली. त्यांनी कढईच्या काठावर पळी आपटावी तशी सोल्डरिंग आयर्न टेबलावर आपटली.

“चूक कशी झाली ते मला कळतंय. माझ्या घरीबी तसलाच कान पिळायचा स्टॅबिलायझर हाय. चुकीला मी हसतो, आन् हसून सोडून देतो. पर परत फिरवायला हात गेला न्हवं तुमचा, त्याला मला हसू येत न्हाय.”

मी विचारू नये ते विचारलं. प्राचार्यांना सांगणार का, म्हणालो. आप्पांनी पहिल्यांदा वर बघितलं. त्यांचं ते वाकडं तोंड मी शंभर वेळा बघितलं असेल, पण तेव्हा ते वाकडं नव्हतं, आणि ते मला जास्त झोंबलं.

“मी कशाला सांगू? मी मोटारी भरणारा माणूस. जळलंय ते तुमचं हाय. दिवा नीट धरा.”

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पेटी जागेवर बसवली, वायरी लावल्या, दुरुस्त झालेला स्टॅबिलायझरही जोडला. प्राचार्यांनी नारळ आणून ठेवला होता आणि अर्धा स्टाफ अनवाणी जमला होता. आप्पा नेहमीप्रमाणे दोन पावलं मागे सरकून पिशवीतल्या वायरी गुंडाळू लागले. प्राचार्यांना त्यांचा नियम माहीत होता. आपल्या मोटारीपायी ते स्वतः एकदा त्यातून गेले होते. आता तो दुसऱ्याला लावायची संधी आल्यावर त्यांना उत्साह आला. “चला शैलाबाई,” ते म्हणाले, “जाळला तुम्ही, आता लावा तुम्हीच.” दोन-तीन जण हसले.

शैला पुढं झाली. खुलाशाचा कागद तिच्या हातात घडी करून होता. ती म्हणाली, “मी चालू केला सर. जाळला नाही. पण लावते.”

तिचा हात बटणाकडे गेला. मी आप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, वायरच गुंडाळत होते. त्यांनी बघितलं असतं तर कदाचित मला राग येऊन मी गप्प बसलो असतो.

“थांबा,” मी म्हणालो. “आदल्या संध्याकाळी मागचा खटका मी फिरवला होता. धूर निघाल्यावर परत फिरवला तोही मीच. यांना त्यातलं काही माहीत नव्हतं.”

आणि मी जाऊन बटण दाबलं. पंखा घरघरला, पडद्यावर आकडे पळाले, यादी होती तशी सापडली. नारळ फोडायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

माझ्याकडून खोलीचं प्रमुखपण गेलं. स्टाफरूममध्ये मला दोन वर्षं ‘एकशेपंधरा’ म्हणत, आणि ज्यांना वर्गातला पंखा बंद कुठं करतात ते माहीत नव्हतं तेही म्हणत. शैला दिवाळीनंतर कायम झाली. तिनं माझे आभार मानले नाहीत. कशाबद्दल मानायचे? त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलली, तेही माझ्याकडे न बघता. ते मी कमावलेलंच होतं, म्हणून मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आप्पा त्या दिवशी दारात चपला घालताना एवढंच म्हणाले की स्टॅबिलायझरला वारा लागू द्या, मखमल घालू नका.

त्यानंतर मी उगाचच उद्यमनगरातून जायला लागलो. काम नसलं तरी स्टुलावर बसायचो, आप्पा लोकांचा अपमान करत ते ऐकायचो. मला तो माणूस आवडायला लागला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझ्यावरचं त्यांचं मत बदललं की नाही, ते मात्र कळायला मार्ग नव्हता. हाक मास्तर अशीच होती.

काही वर्षांनी मी घरचा मिक्सर घेऊन गेलो. आप्पा थकले होते, मध्यंतरी मोठ्या आजारातून उठले होते. ते उकिडवे बसले, डोळे मिटले, तीनदा हुंगलं. डोळे उघडले तेव्हा तोंड वाकडं झालं नाही. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मिक्सर माझ्याकडे सरकवला. “जरा तुमी वास घ्या, मास्तर,” ते हळू आवाजात म्हणाले. “तापात माझं नाक गेलंय. कुणाला बोललो न्हाय.”

मी इस्त्रीच्या पँटीत उकिडवा बसलो आणि नाक लावलं. वार्निश जळल्याचा वास होता. मी तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की डाळ वाटताना तो अडला होता, तरी मी बटण सोडलं नव्हतं. आप्पांनी मिक्सर उघडून बघितला नाही. खडूनं त्यावर ‘भरणे’ असं लिहिलं आणि कोपऱ्यात ठेवून दिला.

मिक्सर आणायला मी गेलो तेव्हा आप्पा जाऊन पंधरा दिवस झाले होते. मिक्सर त्यांनी भरून ठेवला होता, शेवटचाच असावा. दुकानात त्यांचा थोरला मुलगा होता. चालतो का ते दाखवायला त्यानं प्लग लावला आणि स्वतःच बटणाकडे हात नेला. मी त्याचा हात धरला, शेजारच्या टर्नरला काम थांबवून दारात यायला सांगितलं, आणि मग बटण मी दाबलं.